फुगेमास्तरांची स्प्रिंगवरची गाडी

त्यांना सगळे फुगेमास्तर म्हणत. लहान मुलांना फुगे विकणारे नव्हेत, गाड्यांचे फुगे दुरुस्त करणारे. महागड्या गाड्यांच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंग नसते, जाड रबराचा फुगा असतो. त्यात हवा भरलेली असते आणि गाडी त्या हवेवर अलगद चालते. खड्डा आला तरी आतल्या साहेबांच्या हातातला चहा हिंदकळत नाही. पण रबर ते रबरच. वय झालं की त्याला बारीक चिरा पडतात, हवा झिरपते, आणि सकाळी ऐटीत बाहेर आलेले साहेब बघतात तर काय, गाडी पोट टेकून बसलेली! मग फोन मास्तरांना.

पूर्वी मास्तर नवीन फुगे घालून द्यायचे. पुढे कंपनीने जुन्या मॉडेलचे फुगे बनवणंच सोडलं. म्हणून मास्तर दुसरं काम शिकले. फुगे, हवेचा कॉम्प्रेसर, नळ्या, सगळं उपटून टाकायचं आणि त्या जागी कॉइलओव्हर बसवायचे, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली लोखंडी स्प्रिंग. तिच्याखाली आटे असतात, आट्यांवर एक कडं असतं. पान्याने कडं फिरवलं की गाडी वर किंवा खाली. एकदा उंची ठरली की ठरली, मग गाडी जन्मात बसायची नाही. गिऱ्हाईकं खूश व्हायची. राइड थोडी कडक झाली अशी कुरकुर कोणी केलीच, तर मास्तर म्हणायचे, "साहेब, गाडी उभी राहिलेली बरी की आडवी?" यावर कोण काय बोलणार?

मास्तरांची एक सवय मात्र साऱ्या बाजाराला माहीत होती. गाडीतून काढलेला फुगा हातात आला की ते पहिल्यांदा सुरी घेत आणि त्याला उभा चिरत. चांगला असो, वाईट असो. कारण काही लोक असले जुने फुगे उचलतात, चिकटवतात, पुसून चकाचक करतात आणि नवे म्हणून विकतात. मग भरधाव गाडीत तो फुटतो आणि आतल्यांचं जे व्हायचं ते होतं. "माझ्या हातून निघालेलं पुन्हा कुणाच्या गाडीखाली जाणार नाही," असं मास्तर छाती काढून सांगत. चांगलीच गोष्ट होती हो. कोण वाईट म्हणेल?

आता त्यांच्या घरचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मास्तरांच्या बायकोचं एका अपघातात कमरेखालचं सगळं गेलं. पाय असून नसल्यासारखे. वर पाठीचा मणका असा नाजूक झाला की साध्या टॅक्सीत बसवलं तर दोन गल्ल्यांत बिचारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. रुग्णांच्या व्हॅनमध्ये एकदा खुर्चीसकट पट्ट्यांनी बांधून नेली, तर परत आल्यावर आठवडाभर ती कुशीवर वळू शकली नाही. बाई मोठी मानी. स्वयंपाक खुर्चीत बसून करायची, आंघोळ आपली आपण करायची, आणि कोणी मदतीला हात पुढे केला तर म्हणायची, "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?"

अशात एका गिऱ्हाइकाने कंटाळून आपली जुनी गाडी भंगारात काढायचं ठरवलं. लांबलचक, काळी, आत कोच घातल्यासारख्या सीटा. मास्तरांनी ती घरी आणली, गॅरेजात पडून राहिलेले शेवटचे चार न वापरलेले फुगे घातले, आणि बायकोला म्हणाले, "बसून तर बघ." ती बसली. मास्तरांनी मुद्दाम गावातल्या सगळ्यात फुटक्या रस्त्याने गाडी नेली. परत आल्यावर ती काही बोलेचना. मास्तर घाबरले. "दुखलं का गं?" तर ती म्हणाली, "उद्या आईकडे जाऊ या."

तिची आई गावाबाहेर एका वृद्धाश्रमात होती. डोकं पार विस्कटलेलं. काल काय झालं ते आठवायचं नाही, आज कोण आलंय ते कळायचं नाही. पण त्या रविवारपासून एक नवल घडू लागलं. गाडी अंगणात येऊन थांबली की म्हातारी बाकावरून टक लावून बघायची. मास्तर दार उघडायचे, खुर्ची लावायचे. मग मुलगी सीट आणि खुर्ची यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची आणि तिच्यावरून घसरत आपली आपण खुर्चीत यायची. येताना नवऱ्याला दटावायची, "व्हा बाजूला, मध्ये मध्ये करू नका!" तो आवाज, तो तोरा ऐकला की म्हातारीचा चेहरा उजळायचा. "आली माझी पोर," म्हणायची. चेहऱ्यावरून तिने मुलीला कधी ओळखलं नाही. त्या उतरण्यावरूनच ओळखायची.

गाडीत एक बटण होतं. फुग्यांतली हवा कमी केली की गाडी चार बोटं खाली यायची, भरली की वर जायची. चढताना बायको म्हणायची, "घ्या जरा खाली." उतरताना म्हणायची, "करा जरा वर." मास्तर निमूटपणे बटण दाबायचे. राणीसरकारांची हौस, असं त्यांना वाटायचं. तिला मात्र पक्कं ठाऊक होतं की फळीला दर वेळी थोडा उतार हवा. तिच्या हातांत जोर होता तो घसरण्यापुरता. चढण्यापुरता नव्हता.

हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही. बावीस नळ्यांतली कुठली गळते ते कानाने ओळखणारा माणूस, आणि घरातली ही गोष्ट त्याला दिसू नये? मला तर आजही राग येतो.

मग तो रविवार आला. अर्ध्या वाटेत पुढचा फुगा फुटला आणि गाडी एका अंगावर कलंडून बसली. ऊन रणरणत होतं. टो करणारी गाडी येईपर्यंत बायको तिरक्या सीटवर, पाठ धरून, दात आवळून बसून राहिली. संध्याकाळी आश्रमातून फोन आला की म्हातारी दिवसभर बाकावर बसून आहे, जेवायलाही उठत नाही. ते ऐकून मात्र बायको रडली. मास्तरांनी तिथल्या तिथे ठरवलं, बास. ही गाडी पुन्हा बसता कामा नये.

त्यांनी तिला सांगितलं नाही. म्हणे, आश्चर्याचा धक्का देऊ! गाडी गॅरेजात घेतली आणि आयुष्यात कोणाचं केलं नसेल इतका जीव लावून काम केलं. फुटका फुगा काढला, मग उरलेले तीन. कॉम्प्रेसर काढला, नळ्या ओढून काढल्या. डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला गप्प बसवणारी डबी जोडली. घरून खुर्चीची उंची टेपने मोजून आणली होती. त्या मापाला सीट अगदी बरोबर येईल अशी कडी फिरवली. पाणसळ ठेवून पाहिली, केसाचा फरक नाही. मास्तरांना भरून आलं. आणि मग सवयीने सुरी घेतली आणि चारही फुगे उभे चिरले. त्यातले तीन धडधाकट होते.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी दारात उभी केली. बायको तयार होऊन खुर्चीतून आली, फळी टाकली आणि म्हणाली, "घ्या जरा खाली."

"आता बटणाची भानगड नाही," मास्तर हसत म्हणाले. "एकदम समान केलंय. खुर्ची आणि सीट एका पातळीत. आता ही गाडी कधी बसायची नाही बघ!"

तिने फळीकडे पाहिलं. मग हात टेकून जोर लावला. अर्ध्यापर्यंत आली आणि अडकली. पुन्हा जोर लावला. मनगटं थरथरायला लागली, कपाळावर घाम आला. मास्तर पुढे झाले तशी ती ओरडली, "थांबा!" आणि पुन्हा जोर लावला. शेवटी मास्तरांनीच तिला काखेत धरून आत ओढलं. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

रस्त्यात दुसरी गोष्ट कळली. सीट खुर्चीच्या मापाला आणायची म्हणून गाडी इतकी खाली ठेवावी लागली होती की स्प्रिंगला खाली दबायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक खड्डा ठक्कन थेट मणक्यात. ती ओठ दाबून सोसत होती. मास्तर रांगत्या बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवत होते आणि मागचे लोक हॉर्न मारून शिव्या घालत होते.

आश्रमाच्या अंगणात फळी पुन्हा अडली. आता तर अंगण जरासं कललेलं, म्हणजे सरळ चढ. तिने प्रयत्न केला, तोल गेला, फळी खाली पडली. आश्रमातली सेविका धावत आली. मास्तरांनी खांदे धरले, सेविकेने पाय धरले, आणि दोघांनी मिळून बाईला उचलून खुर्चीत ठेवलं. लुगडं सावरायलाही तिला कोणी वेळ दिला नाही.

म्हातारी बाकावरून बघत होती. शेजारच्या बाईला म्हणाली, "कोणीतरी आजारी आणलंय वाटतं. नवीन दिसते. बिचारी."

मुलगी जवळ गेली, आईचा हात धरून "आई, मी" म्हणाली. म्हातारीने हात सोडवून घेतला. परक्या माणसाशी वागावं तशी सभ्यपणे म्हणाली, "होईल हो बरं तुम्हाला. इथली माणसं चांगली आहेत." आणि फाटकाकडे बघायला लागली. पोर यायची होती ना तिची.



दुसऱ्या दिवसापासून मास्तर हात धुऊन गाडीच्या मागे लागले. कडी फिरवून गाडी वर केली, तर राइड जरा मऊ झाली, पण मग चढणं अशक्य. खाली केली, तर कसंबसं चढता येई, पण रस्ता मणका मोडायला उठे. खुर्चीवर दोन गाद्या घातल्या, तर तिचा तोल जाऊन ती घरातच पडली. मऊ स्प्रिंगा घातल्या, तर गाडी होडीसारखी डुलायला लागली आणि चाक पत्र्याला घासू लागलं. चढताना खाली, उतरताना वर, हे फक्त हवेलाच जमत होतं. लोखंडाला एकच उंची ठाऊक.

तेव्हा त्यांनी जुने सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याला फोन केला. "मला चार फुगे पाहिजेत. जुने चालतील. चिकटवलेलेसुद्धा चालतील."

पलीकडे तो खो खो हसला. "मास्तर, थट्टा करताय का गरिबाची?"

"थट्टा नाही रे. घरची गाडी आहे."

तेव्हा तो गंभीर झाला. "अहो, या मॉडेलच्या गाड्या गावात होत्या किती? सगळ्या तुमच्याच हाताखालून गेल्या. सगळ्यांचे फुगे तुम्हीच चिरलेत. मी तेव्हा हात जोडून सांगत होतो, बरे असतील ते तरी ठेवा. तुम्ही मला हाकलून दिलंत. आता कुठून आणू?"

बाहेरगावी, परक्या देशातही विचारून झालं. कुठेच नव्हते. मास्तर गॅरेजच्या मागच्या अंगणात गेले. तिथे चिरलेल्या रबराचा ढीग पडला होता. त्यातून घरच्या गाडीचे तीन शोधून काढले, मांडीवर घेतले आणि सोल्युशन लावून चिकटवायला बसले. आयुष्यभर ज्या कामाला शिव्या घातल्या तेच काम. हवा भरून पाहिली. पहिला फाटला, दुसरा फाटला, तिसराही फाटला. सुरी खोल मारायचे ना ते! कोणाला जोडताच येऊ नये म्हणून.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. म्हणाले, "मी आपल्या हातांनी तुझं वाटोळं केलं."

ती भाजी चिरत होती. तिने चिडायला हवं होतं, ताट फेकायला हवं होतं. तसं काही झालं नाही. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठीच केलंत, ते का मला कळत नाही? पण मला उचलून नका नेऊ पुन्हा. तिने मला आजारी बाई म्हटलं. मला ते परत नाही ऐकवणार. पुढच्या रविवारी तुम्ही एकटे जा."

"आणि तू?"

"मी कशाला? ती माझी वाट बघते, मी गेले तर तिला मी सापडत नाही. त्यापेक्षा वाट बघू दे."

मास्तरांनी खूप समजावलं, शपथा घातल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. बाई बधली नाही. तिने फळी पुसून पलंगाखाली सरकवून दिली.

रविवारी मास्तर एकटेच गेले. गाडी झकास चालली. ना आवाज, ना दिवा, ना कुठे कलणं. अंगणात येऊन ताठ उभी राहिली. बाकावरची म्हातारी धडपडत उठली आणि दाराकडे बघत राहिली. मास्तर आपल्या बाजूने उतरले. दुसरं दार उघडलंच नाही.

"जावईबापू ना तुम्ही?" म्हातारी म्हणाली. नेमकं आज तिला ओळखू आलं. "पोर कुठाय माझी?"

"गाडी बिघडलीय, आई. म्हणून नाही आली."

म्हातारीने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. गाडी पाहिली, पुन्हा जावयाकडे पाहिलं. "मग तुम्ही कशातून आलात?"

गिऱ्हाइकांच्या प्रत्येक तक्रारीला मास्तरांकडे उत्तर असायचं. आज ते बाकावर बसले आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडू लागले.

म्हातारी घाबरली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, रडताय काय असे? गाडीच ती. होईल दुरुस्त. तोवर मी बसते इथे."