थांबा म्हणणारा वक्ता

भगीरथ वेखंडेला मी बारा वर्षं यष्टीमागून पाहिला. डोळखांबकडचा उंच, हडकुळा गडी. शहापूर-मुरबाडच्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये आमच्या वेळी त्याच्याइतका वेगवान गोलंदाज दुसरा नव्हता. भातकापणी उरकून खाचरं मोकळी झाली की दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे स्पर्धा असायची. चार-चार षटकांचे सामने आणि शेवटचं षटक भगीरथचं, हे ठरलेलंच. मालिकावीर म्हणून त्याला एक मोटारसायकल आणि तीन फ्रीज मिळाले होते. वीज दिवसातून चार वेळा जाते तिथे इतके फ्रीज घेऊन करायचं काय, म्हणून त्याची बायको छाया एकात तांदूळ ठेवायची.

तेहतिसाव्या वर्षी त्याचा खांदा दुखायला लागला. आयोजकांना सांगितलं तर ते म्हणायचे, "तुझ्या नावावर पब्लिक आलंय, भगी." मग इंजेक्शन घ्यायचं आणि खेळायचं. असं दीड वर्ष चाललं. सरळगावच्या स्पर्धेत एकाच रविवारी तीन सामने झाले. अंतिम सामन्यातल्या शेवटच्या षटकात, तिसऱ्या चेंडूला, त्याच्या खांद्यात काहीतरी तुटल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी यष्टीमागून काय म्हणालो? "तीनच राहिले, भगी." त्याने तिन्ही टाकले. आम्ही जिंकलो. त्यानंतर त्याने चेंडू टाकला नाही.

पुढची सात वर्षं तो वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. तिथेच दीपेश त्याला शोधत आला. दीपेश आसनगावचा. शाळा-कॉलेजांत प्रेरणादायी व्याख्यानं ठेवण्याचा त्याचा धंदा. त्या षटकाचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर पाहिला होता. तुटलेल्या खांद्याने सामना जिंकणारा माणूस त्याला हवाच होता. भाषण त्यानेच लिहून दिलं. शरीर थांब म्हणालं तरी थांबू नका, हे वाक्य त्यात पाच वेळा होतं.

भगीरथला बोलता चांगलं यायचं. मानधनही बरं होतं, त्याने नोकरी सोडली. मी रिक्षा चालवतो, म्हणून त्याला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. जाताना तो गप्प आणि येताना वैतागलेला.

"बॅनरवर माजी रणजीपटू लिवलंय परत," तो म्हणायचा. "मी रणजी टीव्हीवर पन धड बघितली नाय."

दीपेशला फोन केला की उत्तर ठरलेलं. "सर, टेनिस क्रिकेट लिहिलं तर प्राचार्य बोलवत नाहीत. तुम्ही लक्ष देऊ नका."

एकदा बॅनरवर त्याच्या नावाखाली भलत्याच कुणाचा फोटो होता. दोनदा सत्कारासाठी दोन तास बसवून बोलायला दहा मिनिटं दिली. एका शाळेत तर त्याला शाल दिली, नारळ दिला आणि मुलांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून भाषणच रद्द केलं. पण या सगळ्यापेक्षा त्याला ते वाक्य खुपायचं. घरी छाया त्याला शर्टाची बाही चढवून द्यायची आणि म्हणायची, "त्या पोरांना सांगता थांबू नका, आनि इथं मी तुमची बटनं लावत्ये."

मागच्या वर्षी मुरबाडच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. ते नीट पार पडलं, टाळ्या झाल्या. मग कुणाली नावाची अकरावीतली मुलगी प्रश्नाला उभी राहिली. ती भालाफेक करायची.

"सर, माझा खांदा दोन महिने दुखतोय. परवा जिल्ह्याची स्पर्धा आहे. तुम्ही म्हणालात तसं मी खेळणार आहे. फक्त दुखणं विसरायचं कसं, ते सांगा."

भगीरथ तिच्या खांद्याकडे बघत राहिला. दीपेश खालून हाताने खुणा करत होता, बोला, बोला. मग भगीरथने माइक बाजूला ठेवला.

"विसरायचं नाय," तो म्हणाला. "परवा जाऊ नको. आदी डॉक्टरला दाखव. मी आता जे बोललो ते खोटं आहे. मी थांबलो नाय म्हनून माझा हात गेला. तो सामना जिंकून मला फ्रीज मिळाला, तिसरा."

काही मुलं हसली. तो हसला नाही. पुढे अर्धा तास त्याने खांदा कसा दुखतो, कुठलं दुखणं साधं आणि कुठलं नाही, इंजेक्शनने काय होतं, हेच सांगितलं. रणजी खेळलो नाही, हेही सांगून टाकलं.

परतताना दीपेश माझ्याच रिक्षात होता. "माझी दोन वर्षांची मेहनत घालवलीत," तो म्हणाला. "असं ऐकायला कोण बोलावणार तुम्हाला?"

"नको बोलवू," भगीरथ म्हणाला. "पन ते वाक्य मी परत बोलनार नाय."

दीपेशचं खरं ठरलं. महिन्याला आठ व्याख्यानं होती, ती दोनवर आली. भगीरथ पुन्हा पॅकिंगला जातो. जी बोलावणी येतात ती क्रीडाशिक्षकांची, आणि कारखान्यामुळे तो रविवारचीच घेतो.

कुणाली त्या स्पर्धेला गेली नाही. चार महिने तिने भाला धरला नाही. यंदा जिल्ह्यात ती सहावी आली आणि तिच्या वडिलांनी भगीरथला फोन करून झापलं. गेल्या वर्षी खेळली असती तर पहिली आली असती, असं त्यांचं म्हणणं. भगीरथने सगळं ऐकून घेतलं.

"खांदा कसा आहे तिचा?" त्याने विचारलं.

"खांद्याला काय धाड भरलीय? मी नंबराचं बोलतोय," वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

भगीरथ दिवसभर चिडलेला होता. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि पुढच्या रविवारी रिक्षा रिकामी आहे का, ते विचारून गेला. किन्हवलीच्या एका शाळेने त्याला बोलावलं होतं. या वेळी मुलांशी नाही, पालकांशी बोलायचं, असं त्याने कळवून टाकलं होतं.