मावशींची बंदूक

उभ्या पुण्यात बंदुकीला जराही न भिणारं आणि बंदूकवाल्याला जराही न सोडणारं माणूस एकच आहे, आणि ते नात्याने माझ्या बायकोची मावशी लागतं. वय शहात्तर, उंची जेमतेम पाच फूट. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, इतरांच्या घरी जिथे टीव्ही असतो बरोबर तिथे, काकांची दुनळी बंदूक टांगलेली असायची. काका जाऊन अकरा वर्षं झाली. मावशींनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि दर रविवारी काकांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने त्या तिला तेलपाणी करू लागल्या. रविवारी येणाऱ्याला चहा मिळत नसे. नळीला डोळा लावून आत धूळ दिसते का, ते सांगावं लागे. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. "घाबरू नका जावईबापू, काडतूस मी घरात ठेवतच नाही," म्हणाल्या. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा मावशी तिला चादरीत गुंडाळून रिक्षाने नेत आणि विचारणाऱ्याला सांगत, "माहेरपणाला गेलीये. निकाल लागला की येईल." यावर समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी एकदा निरागसपणे विचारलं होतं, "अय्या, तुम्हाला सून आहे?"

नोकरीत असताना त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या आणि छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी शिकवत. त्यांचा नियम एकच. नेम धरण्याआधी मुलीने मोठ्याने सांगायचं, गोळी चुकली तर कुठे जाईल. उत्तर आलं नाही तर बंदूक हातात नाही. निवृत्तीनंतर हाच प्रश्न त्यांनी सगळ्या सोसायटीला लावला. गच्चीवर क्रिकेट खेळणारी मुलं असोत, नाहीतर गॅलरीतून नवऱ्याला स्कूटरची किल्ली फेकणारी सूनबाई असो, खालून मावशींचा शांत आवाज यायचा, "चुकली तर कुठे जाईल?" मी स्वतः त्यांच्यासमोर शेंगदाणासुद्धा वर उडवून तोंडात झेलत नाही.

गेल्या वर्षी धायरीत एका वरातीत कुणीतरी हौसेने बार काढला. घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या ऋतुजाच्या खांद्यातून गोळी गेली. निवृत्तीनंतरही मावशी बरीच वर्षं शाळेत नेमबाजी शिकवायला जात; ही ऋतुजा त्यातल्या शेवटच्या तुकडीतली, आता कॉलेजात शिकणारी. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'हवेत गोळीबार, तरुणी जखमी.' मावशींनी पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं, "जावईबापू, ही मुलगी काय हवेत राहते?" मग त्या इस्पितळात गेल्या, ऋतुजाच्या उशाशी बसल्या आणि रडल्या. त्यांना रडताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

ऋतुजाचा हात गळ्यातल्या झोळीतून निघायच्या आत मावशींच्या दिवाणखान्यात तिच्या कॉलेजची वीसेक मुलं भरली. मागणी सरळ होती. राज्य सरकारने एकूणएक परवाने पुन्हा तपासावेत, प्रत्येक बंदूकवाल्याला 'कशाला हवी?' विचारावं, आणि धड उत्तर आलं नाही तर परवाना रद्द करावा. त्यासाठी आमदारांनी अधिवेशनात लक्षवेधी सूचना मांडावी, असं पत्र मुलांनी लिहिलं. मावशींनी ते वाचलं आणि लाल पेन मागितलं. मुलांनी 'लक्ष्यवेधी' लिहिलं होतं. "यातला य काढा. य लावला की नेम धरणं होतं. आपल्याला आमदारांचं लक्ष वेधायचंय, आमदारांना नाही." एक मुलगा म्हणाला, "आजी, सॅव्हेज आहात तुम्ही." याचा अर्थ त्यांनी मला फोन करून विचारला आणि तो 'बेधडक' असा कळल्यावर दोन दिवस खुशीत होत्या.

पत्र द्यायला मावशी आणि ऋतुजाबरोबर मीही गेलो होतो. आमदार बाहेरगावी होते. त्यांच्या स्वीय सहायकांनी पत्र नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पत्र उत्तम आहे आजी. शुद्धलेखन तर फारच. पण परवाना आपल्याही नावावर आहे म्हणे. आपल्याला कशाला हवी?"

मावशींनी पत्र स्वतःकडे ओढून पुन्हा वाचायला घेतलं. ऋतुजाच घाईने म्हणाली, "सर, आजींचं वेगळं हाय." ती चिडली की तिच्या बोलण्यात धायरी येते.

"वेगळं काही नाही गं," मावशी म्हणाल्या. "विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच असतं."

परतताना रिक्षात त्या माणसाचा मला फार राग आला होता, पण प्रश्न त्याने चुकीचा विचारला असं काही म्हणता येईना.

पुढच्या रविवारी गेलो तर भिंतीवर नुसत्या दोन खुंट्या होत्या आणि मध्ये बंदुकीच्या आकाराचा, रंग न उडालेला लांबट पट्टा. निवडणूक तर कुठलीच नव्हती. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, "माहेरपणाला का?"

"नाही हो. या वेळी सासरी पाठवली." शुक्रवारी ऋतुजाला बरोबर घेऊन त्या बंदूक आणि परवाना दोन्ही ठाण्यात देऊन आल्या होत्या. अर्जात परत करण्याचं कारण लिहायचं होतं. हवालदार 'वृद्धापकाळ' लिहा म्हणत होता. मावशींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'उत्तर आलं नाही.' लक्षवेधी आमदारांनी दाखल केली आहे, ती चर्चेला कधी येते याची मुलं वाट बघताहेत, हेही त्यांनी सांगितलं. बोलताना धोतराचं ते फडकं त्या मांडीवर घेऊन घडी घालत होत्या, उलगडत होत्या आणि पुन्हा घडी घालत होत्या.

मग त्या उठल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. इतक्या वर्षांत त्या घरात रविवारी मला मिळालेला तो पहिला चहा. मला तो काही केल्या संपवता येईना.