घरचा पत्ता नसलेला फोन

फोन कुठल्याही नेटवर्कमध्ये फिरला तरी त्याचा घरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, हा आम्ही इंजिनिअर बनवत असलेल्या प्रोटोकॉलचा पाया. पण फोन घरच्या नेटवर्कमधून निघण्याआधीच तो पत्ता त्याच्याकडे असायला हवा का, हे प्रोटोकॉलच्या मानकात धड लिहिलेलंच नव्हतं. "हवाच!" म्हणून मी मीटिंगमध्ये तावातावाने भांडलो. वडिलांच्या बँकेतल्या बदल्यांपायी आम्ही देशभर फिरलो, तरी कोणी गाव विचारलं की सातारा सांगायचो. पत्त्याशिवाय कोणी बाहेर पडतं का?

हे सिद्ध करायलाच पत्ता न दिलेला फोन घेऊन मी लेकीबरोबर, आम्ही आता राहतो त्या बेहालाहून मेट्रोत बसलो. गाडी सुटली आणि काय सांगू! फोनने वाटेतूनच पत्ते वाटणाऱ्या घरच्या सर्व्हरला गाठून पत्ता मागून घेतला. मी हरलो होतो आणि आनंदाने ओरडत होतो. "अगं, मिळाला! चालत्या गाडीत मिळाला!"

आमचं मराठी ऐकून समोरच्या बंगाली आजोबांनी हिंदीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

मी सातारा म्हणणार, तोवर इथेच जन्मलेली माझी लेक म्हणाली, "बेहाला."

एरवी मी तिला लगेच दुरुस्त करतो. त्या दिवशी नाही केलं.