अंबाड्याला तेल कोणी लावलं?

पार्लर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कपडा बांधला, दोन्ही हात त्याच्या आत गेले, की त्या गिऱ्हाइकाजवळ मोकळं असं एक तोंडच उरतं! अकोल्यात जठारपेठेत सोळा वर्षं मी हेच ऐकते आहे. माझी ख्याती छोट्या केसांची. कापलेले केस रोज संध्याकाळी झाडून टाकते, पण ऐकलेलं कुठे टाकणार? मग अशा मैत्रिणी जमल्या की सांगत बसते.

*

बँकेतल्या सुनंदाताई मोबाईलमध्ये एका मॉडेलचा फोटो घेऊन आल्या. "हेच पायजे मले. सेम टू सेम!"

फोटोतल्या पोरीचा चेहरा लांबट, ताईंचा गोल गरगरीत. मी समजावलं, गोल चेहऱ्याला डोक्यावर थोडा फुगवटा द्यायचा, गालावर दोन बटा येऊ द्यायच्या. बरोबर हनुवटीशी केस तोडले तर चेहरा अजून गोल दिसतो.

ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे हे सारं चेहऱ्यावर असते काय?"

"हो ना ताई."

"मंग आधी फेशियल करून दे!"

*

कुसुमकाकू म्हणजे रिटायर्ड शिक्षिका. त्यांचा मी मानेपर्यंत छान बॉब केला. जाताना बजावलं, "काकू, आता तेल कमी. तेलानं केस चिपकले की कट दिसत नाही."

चार दिवसांनी काकू हजर. केस कपाळाला असे चिकटलेले की जणू आत्ताच विहिरीतून निघाल्या!

"काकू, तेल कमी म्हटलं होतं ना?"

"कमीच लावलं व बाई! आंधी वाटीभर लावत होती. केस अर्धे झाले, म्हून तेल बी अर्धी वाटी केलं."

गणिताच्या शिक्षिका होत्या.

*

आता हिवरखेडच्या रेखाची गोष्ट. ही जरा लांब चालली, तेव्हा मधूनमधून सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. अकोल्याचा मे तुम्हाला सांगायला नको. रेखा आली ती गुडघ्यापर्यंतची वेणी घेऊन. "ताई, मानीवर घामोळ्या झाल्या, मान दुखते, डोकं दुखते. कापून टाका."

"घरी विचारलं का?"

"नवऱ्याले मालूम हाये. सासूले समजलं त माहं अकोल्याले येनंच बंद करन!"

घरात रेखाची सासू वच्छलाबाई, आणि त्यांचीही सासू, नव्वदीच्या मोठ्या आजी. वडीलधाऱ्यांसमोर रेखाच्या डोक्यावरून पदर हलायचा नाही, आणि आजींसमोर वच्छलाबाईंचाही नाही. त्या पदराचाच आम्ही फायदा घेतला. पुढचे केस लांब ठेवून भांग तसाच ठेवला, आणि मागून मान पार मोकळी केली. पुढून सून, मागून कॉलेजची पोरगी!

"आणि ही वेणी?" मी विचारलं.

"द्या इकडं. तिचा आंबाडा करून पिना लावतो. पदराले मांगून उंचवटा पायजे ना!"

मग मी तिच्या मागे आरसा धरला. रेखा पुष्कळ वेळ स्वतःची मान पाहत राहिली. मी म्हटलं, "पण पदराखाली हे दिसणार कोणाला?" तर म्हणते, "मले दिसते ना. लय झालं." मला तेव्हाच ती पोरगी आवडून गेली.

*

छोटे केस कापायला सोपे, सांभाळायला कठीण. दीड महिन्यात मानेवर जंगल उगवतं. आता रेखाने दर दीड महिन्याला हिवरखेडहून अकोल्याला यायचं कसं? तिने घरी सांगितलं, "मनक्याची ट्रीटमेंट सुरू हाये. डाक्टरीन बाई लय हुशार हाये."

गंमत अशी की केसांचं ओझं गेल्यावर तिची मान खरंच दुखायची थांबली! वच्छलाबाई गावभर सांगत सुटल्या, "लय गुन हाये त्या डाक्टरनीच्या हाताले!" आणि डॉक्टरणीसाठी रेखाच्या हाती कधी कुरडया, कधी सांडगे, कधी लिंबाचं लोणचं येऊ लागलं.

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक घासाला वाटायचं, ज्या दिवशी ह्या म्हातारीला खरं समजेल, त्या दिवशी रेखाचं येणं तर बंद होईलच, पण माझीही खैर नाही.

*

मधे एक हलका किस्सा सांगते. तहसीलमधल्या माधुरीला मी बॉयकट केला. उंचीला, चेहऱ्याला शोभून दिसत होता. तिसऱ्या दिवशी ती तणतणत आली.

"भाजीवाला मले म्हंते, काय पायजे भाऊ? कटिंगनं इज्जत घालोली माही!"

मी म्हटलं, थांब. बॉयकटला कान उघडे पडतात, कानात काहीतरी ठसठशीत पाहिजे. मोठे झुमके घाल, मग बघ.

आठवड्याने पुन्हा आली. झुमके खांद्याला टेकलेले, आणि चेहरा पहिल्यापेक्षा लाल.

"काय झालं? आता तर भाऊ नाही ना म्हणाला?"

"म्हने, झुमके मस्त हायेत भाऊ!"

*

एका सोमवारी सकाळी रेखाचा फोन.

"ताई, घात झाला!"

झालं असं. आदल्या दिवशी तिने तो अंबाडा शाम्पूने धुतला आणि गच्चीवर दोरीला वाळत घातला. वरून टॉवेल टाकला. दुपारी डोळा लागला. उठून पाहते तर टॉवेल आहे, अंबाडा नाही! शेजारच्या गच्च्या पाहिल्या, खाली अंगण पाहिलं, मांजरामागे गोठ्यापर्यंत जाऊन आली. शेवटी रडकुंडीला येऊन कपाट उघडलं, तर अंबाडा साड्यांवर ठेवलेला. विंचरलेला, काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेला.

"मग सापडला ना? घात काय झाला?"

"अवं ताई, आंबाड्याले तेल कोनं लावलं?"

म्हणजे घरात कोणाला तरी समजलं होतं! घरात मात्र कोणी काही बोलत नव्हतं. सासू नेहमीसारखी ज्वारी निवडत बसलेली. रेखा म्हणाली, एकवेळ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचा दीड महिना ती आली नाही. आता ती येत नाही, असंच मी धरून चालले.

*

आणि मग एक दिवस पार्लर उघडते, तर दारात एक म्हातारी. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"मनक्याच्या डाक्टरीन तुमीच काय?"

म्हणजे ही रेखाची सासू! "काकू, रेखाची काही चूक नाही. मीच तिला..."

"चूक कोन म्हंते?" वच्छलाबाई सरळ खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदर खाली घेतला. "चाळीस वर्सं झाले, माही बी मान दुखते. रेखीचं जसं केलं तसं करा."

मी केलं. पुढून तसंच, मागून मान मोकळी. वरून पंख्याचा वारा आला, तसे त्यांनी डोळे मिटले आणि मानेवरून हात फिरवत राहिल्या. "लगनाच्या आंधी असा वारा लागत होता," म्हणाल्या.

उठताना त्यांनी कापलेली वेणी मागितली. "बांधून द्या. आंबाड्याले लागन."

"आता कशाला लपवायचं काकू? आता कोणाची भीती?"

"अवं, घरी माही सासू हाये ना!"

दारापर्यंत गेल्या आणि काहीतरी आठवून परत फिरल्या. पिशवीतून लोणच्याची बरणी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हे सासूनं देल्लं, डाक्टरनीसाठी. इचारत होती, नव्वद वर्साची मान पाह्यता काय म्हने तुमी?"