तिसरा फोन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या बाबांनी भगताला कधी घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मी त्यांचीच लेक. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे ऑपरेशन करणाऱ्या दोन टीम. कुठली टीम किती चांगली, हे पेशंटचं पुढे काय झालं त्यावरून ठरतं. ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी पेशंटला फोन करायचा – जखम भरली का, ताप येतो का – आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. आमच्या टीमचं ते काम माझं. तीनदा लावूनही लागला नाही तर 'संपर्क नाही' लिहून गावच्या आशाताईला पेशंटच्या घरी पाठवायचं, असा नियम. पण 'संपर्क नाही' वाढले की टीमचा आकडा खाली येतो आणि आमच्या सर्जन सरांचं तोंड उतरतं. आणि धानोऱ्याच्या पलीकडे टॉवर आहे कुठे? मग तीन फोन केल्याच्या तीन खुणा करायच्या, 'बरा' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. सगळेच करायचे. मीही केलं, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

रजिस्टर जुन्या एक्स-रेच्या खोलीत असतं. भिंतींत शिसं, खिडकी नाही, दार जड. आत मोबाईलला रेंज अजिबात नाही, म्हणून फोन व्हरांड्यात लावायचा आणि लिहायला आत जायचं.

त्या दुपारी मैनाबाईंचा तिसावा दिवस होता. हर्नियाचं ऑपरेशन. दोनदा लावला, फोन बंद. भूक लागली होती, तिसऱ्यांदा लावलाच नाही. आत जाऊन तीन खुणा केल्या, 'बऱ्या आहेत' लिहिलं आणि उठले... तर दार उघडेना.

खांदा लावला. हाका मारल्या. घामाने निथळले, श्वास पुरेना. आणि हातातला मोबाईल वाजला. स्क्रीनवर मैनाबाईंचा नंबर.

"बाई, तिसऱ्यांदा काऊन नाई लावला?" आवाज दमलेला होता, रागाचा नव्हता.

"तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"मले इथून निघताच नाई येऊन राह्यलं. तुम्ही तं बरी लिवून टाकलं. आता मले पाहाले कोण येते?"

फोन कटला. दार पुन्हा ओढलं, हलेना. मला रडू आलं. शेवटी टेबलाशी बसले, 'बऱ्या आहेत' खोडलं, 'संपर्क नाही' लिहिलं आणि खाली सही केली. तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या मावशी, शांताबाई, दार लोटून आत आल्या.

"कोणाले हाका मारून राह्यल्या सिस्टर? दार तं उघडंच आहे."

सर वैतागले. "एकीपायी अख्ख्या टीमचा आकडा पाडता काय?" मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आशाताईला घेऊन गेले. मैनाबाई खाटेवर तापाने फणफणत होत्या, टाक्यांतून पू येत होता. फोनचं विचारलं तर सून म्हणाली, "तो तं धानाच्या रोवण्यात बांधीच्या पाण्यात पडला. पंधरा दिवस झाले, बंदच आहे."

मैनाबाई वाचल्या. दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी मी त्यांना विचारलंच.

"कायचा फोन बाई? मले तापात सपन पडे. एक बंद खोली, अन् तुम्ही कागदावर लिवून राह्यल्या. मी हाका मारून राह्यली, तुम्ही वर पाहूनच नाई राह्यल्या."

तो कॉल माझ्या मोबाईलच्या यादीत अजून दिसतो.

आता सुटीच्या दिवशी मी रजिस्टरची मागची पानं घेऊन निघते, माझ्याच अक्षरातले 'बरा' शोधत. बरेच जण खरंच बरे निघाले. परवा पोहोचले त्या घरी लेक दारातच म्हणाली, "मायले जाऊन दोन पावसाळे झाले बाई, ऑपरेशनच्याच महिन्यात गेली."

रजिस्टरमध्ये ती बरी आहे. तिचा फोन मात्र मला कधी आला नाही.