राणीचे सहा टाके

कपाट आवरताना आज प्लॅस्टिकचा शंकू सापडला, आमच्या राणी कुत्रीच्या गळ्यात घालायचा. त्याला अजून औषधाचा वास येतो. आता राणी नाही, माझी बायको सुमनही नाही.

खडकीच्या क्वार्टरमध्ये असताना राणीच्या पायाला सहा टाके पडले होते. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शंकू घातला की ती पाणी पीत नसे आणि काढला की जखम चाटे. किती वेळा, ते मी वहीत लिहू लागलो.

"अहो, मोजताय काय? धरा तिला," सुमन म्हणाली.

मग रोज संध्याकाळी शंकू काढून तिला पाणी पाजायला आम्ही फरशीवर बसायचो. मी मान धरायचो, सुमन पाय. गप्पा व्हायच्या, हसणंही. तरी कधी एकदा हे संपतं, असं मला झालं होतं.

दहाव्या दिवशी टाके निघाले. संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा आपापल्या खुर्चीत, टीव्हीकडे तोंड करून बसलो.