ताईची गार बोटं

माझी थोरली बहीण पार्लरमध्ये लोकांची नखं करते. कापते, घासते, मुळाशी चिकटलेली कातडी मागे सारते, मग रंग लावते. स्वभाव तिखट. एखादी बाई फारच चुळबुळ करायला लागली की म्हणायची, "नखं रंगवतेय बाई, भिंत नाही. जरा धीर धरा." बायका हसायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

तिची बोटं कायम गार, भर उन्हातसुद्धा. स्वतःच्या नखांच्या कडेला बारीक तांबडे ठिपके दिसले की तिला वाटायचं, काम करताना अवजार लागलं असेल. वरून गडद रंग फासून ती मोकळी व्हायची. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

मग तिच्या हातून वस्तू पडू लागल्या. शेजारची बाटली कलंडायची, दाराची चौकट खांद्याला लागायची. भावोजी म्हणायचे, "वेंधळी झालीयेस." चष्मेवाल्याने डोळ्यांचा दाब मोजला, तो ठीक निघाला, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. तो निर्धास्तपणा आठवला की आजही माझा जीव जळतो. एके दिवशी एका गिऱ्हाइकाची करंगळी रंगवायचीच राहिली. ताईला ती दिसलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, काचबिंदू. दाब ठीक असूनही होतो. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली जपायची. बोलता बोलता त्यांनी ताईचा हात धरला, थबकल्या आणि नखांचा रंग पुसायला सांगितला.

"हात दाखवून अवलक्षण," ताई पुटपुटली.

भिंगाखाली नखाच्या कडेच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या पडद्यावर मोठ्या दिसू लागल्या. कुठे फुगलेल्या, कुठे पीळ पडलेल्या, मध्येच रक्त झिरपून साकळलेलं.

"यावरून काचबिंदू ठरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काचबिंदूच्या बऱ्याच रुग्णांत असं सापडतं. डोळ्याच्या नसेलाही रक्त नीट पोचत नसेल, अशी शंका येते." मग माझ्याकडे वळल्या. "सख्ख्या बहिणीने डोळे तपासून घ्यायलाच हवेत."

मी मान हलवली. हात ओढणीखाली नेले.

बाहेर बाकावर ताई ढसाढसा रडली. "मला दुसरं काही येत नाही गं. नखं दिसेनाशी झाली तर मी करू काय?" मला भीती वाटत होती, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

डोळे पुसून तिने एकदम माझी बोटं मुठीत घेतली आणि बराच वेळ चाचपली. तिची बोटं इतकी गारठलेली, की माझ्या बोटांचा गारवा तिला कसा कळणार?

"तुझी गार नाहीत," ती म्हणाली. तेवढ्यानेही तिचा चेहरा निवळला. "तू सुटलीस, एवढं तरी बरं झालं. हल्ली स्वतःच कसला गडद रंग थापतेस गं? रविवारी ये. नजर आहे तोवर तुझी नखं एकदा नीट करून देते. हा जुना रंग मीच पुसेन."

मी बरं म्हटलं. त्या रंगाखालचे तांबडे ठिपके मी कधीच पाहून ठेवले होते.